हिरव्या चौकटीतला पाळणा

माझे जावई आणि मी एकमेकांशी इतक्या अदबीनं बोलायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, आमच्यात कोर्टात काहीतरी चालू आहे. "आई, आपला चहा झाला का?" "झाला हो. आपला?" "होईल निवांत." एवढं झालं की दोघंही आपापल्या दिशेला सुटायचो. लग्न झाल्यापासून हे असंच होतं. मी इचलकरंजीची, आवाजानं मोठी आणि तोंडानं फटकळ. पण माझ्या आईनं मला दोन गोष्टी पढवून ठेवल्या होत्या. जावयाला उलट बोलायचं नाही, आणि जावयाची तक्रार लेकीजवळ करायची नाही. मग करायची कुणाजवळ, ते तिनं सांगितलं नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणाला मी डब्लिनला, ओंगारला गेले, तेव्हा डिंक, अळीव आणि खारकेच्या पुडीबरोबर ही अदबही नेली. ओंगारमध्ये सगळी घरं एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात मी फिरून आले आणि भलत्याच दाराला किल्ली लावून खुडबुडत बसले. आतून एक आजोबा आले, "यू आर ग्रँड, लव्ह, यू आर ग्रँड," म्हणाले (इकडे ग्रँड म्हणजे सगळं ठीक) आणि हाताला धरून मला शेजारच्या दाराशी सोडून गेले. मला बरं वाटलं. आमच्या गल्लीत असतं तर आधी पंचनामा झाला असता.

माझी लेक डॉक्टर आहे. मिरजेला शिकली, आता इथल्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी करते. पण बाळंतिणीच्या खोलीत तिचं डॉक्टरपण मी चालू दिलं नाही. नियम मी घातले. बाहेरून आलेल्या माणसानं जाकीट खालीच काढायचं, हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे आणि मगच वर बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं. खोलीतली वस्तू खाली आणायची नाही, खालची वर न्यायची नाही. "आई, प्लीज! असं कुठल्याही पुस्तकात नाहीये," लेक म्हणाली. "माझ्या पुस्तकात आहे," मी म्हटलं. जावयांनी मात्र एका शब्दानं कुरकुर केली नाही. गार नळाखाली घोटे धरून उभे राहायचे बिचारे. मला वाटायचं, किती समजूतदार माणूस. पुढं कळलं की त्यांना माझा नियम धंद्याच्या दृष्टीनंच पटला होता.

त्यांचा धंदा म्हणजे कॉम्प्युटरची राखण. घरातल्या सगळ्यांत लहान खोलीत बसून ते दिवसभर कुठल्याशा कंपनीच्या कॉम्प्युटरांत चोर कुठून शिरेल याचा विचार करत. अशा माणसाला जगात सगळीकडे चोरच दिसत असणार, असा माझा कयास. पण बोलायला गोड.

दुपारी बाळ आणि बाळंतीण निजली की मला काम नसे. हे जावयांनी ओळखलं आणि स्वतःचा जुना लॅपटॉप मला आणून दिला. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा शाखेत सगळ्यांत आधी मी शिकले होते, हे त्यांना लेकीनं सांगितलं असावं. मी खूश झाले आणि बाळाचं नाव शोधायला बसले.

इथं सगळं बिनसलं. बाळाचं नक्षत्र निघालं हस्त आणि जन्माक्षर आलं 'ण'. आता मला सांगा, ण वरून कुणाचं नाव असतं? गुरुजी फोनवर म्हणाले, कुठलंही ठेवा. पण मी जिद्दीला पेटले. नावांच्या साइट्स एकामागून एक उघडत गेले. चांगल्या साइट्सवर ण च्या खाली कोरं पान होतं. मग मी जरा कमी चांगल्या साइट्सवर गेले. तिथं चौकोन उघडायचे. हे हवं का, ते चालेल का, ही परवानगी द्याल का. मी सगळ्याला हो म्हणत गेले. लोकाच्या घरी पाहुणी म्हणून आलेल्या बाईला नाही म्हणायची सवय नसते.

ण वरून नाव मिळालं नाही. त्याऐवजी पडद्याच्या कोपऱ्यात एक बाई आली. अंगावर कपडे बेताचेच. ती ब्लँचर्ड्सटाऊनला राहते, घरी एकटीच असते आणि तिला माझ्याशी बोलायचं आहे, असं खाली लिहिलं होतं. ब्लँचर्ड्सटाऊन म्हणजे आमच्या भाजी आणायच्या वाटेवर. मला आधी तिची काळजीच वाटली, एवढ्या थंडीत. मी तिला बंद केलं तर तिची बहीण आली. बहिणीच्या अंगावर तर तेवढेही नव्हते. मी घाबरून बटणं दाबतेय तोवर जावई प्रिंटरचा कागद घ्यायला खोलीत आले.

त्यांनी पडदा बघितला. मी त्यांना बघताना बघितलं. मग आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. "पाऊस थांबला वाटतं," जावई म्हणाले. पाऊस चालूच होता. "थांबला की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आई, लॅपटॉप जरा अपडेट करायला घेऊ का?" मी म्हटलं, "घ्या की, आपलाच आहे." संध्याकाळी परत दिला तेव्हा सगळं पहिल्यासारखंच होतं, फक्त इंटरनेटच्या खिडकीभोवती एक हिरवी चौकट आली होती. "ही कसली हो?" मी विचारलं. "काही नाही. आता काहीही उघडा, बिनधास्त," ते म्हणाले आणि कान लाल करून निघून गेले. आणखी खुलासा करायचा तर त्या दोघी बहिणींचा विषय निघाला असता. मीही पुढं विचारलं नाही, त्याच कारणासाठी.

बारसं जवळ आलं होतं. आमच्या घरात बारशाला आजीनं नवा पाळणा रचायचा अशी रीत आहे. पाळणा म्हणजे गाणं. त्यात बाळाच्या दोन्ही घरांतली माणसं एकेका कडव्यात येऊन जातात, थोडी चेष्टा, थोडं कौतुक, आणि जमलेल्या बायका पाळण्याची दोरी ओढत ते म्हणतात. माझ्या आईनं माझ्या लेकीसाठी रचलेला पाळणा मला अजून पाठ आहे. बाळाला सोनं नको, असं लेकीनं आधीच बजावलं होतं. कपडे इथं ढिगानं मिळतात. या घरात मी देऊ शकेन आणि दुसरं कुणी देऊ शकणार नाही अशी एकच वस्तू माझ्याजवळ होती, ती म्हणजे हा पाळणा. तो बारशाला म्हटला गेला नसता तर मी नुसती डिंकाचे लाडू वळून परत गेले असते.

माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. पेन धरलं की कोपरापर्यंत कळ जाते. पण कळफलक बडवायला अंगठा लागत नाही. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं अशी एक साइट मला लेकीनं दाखवून ठेवली होती. तिथं मी दुपारच्या दुपारी पाळणा रचत बसले. कुणाला सांगितलं नाही. बारशाला छापून सगळ्यांच्या हातात द्यायचा आणि चकित करायचं, असा बेत होता. खाली डाउनलोडचं बटण होतं ते दाबलं, फाइल जागेवर गेली की नाही ते उघडून बघितलं आणि मगच खिडकी मिटली. बँकेत जन्म गेलाय. सेव्ह केल्याशिवाय मी खुर्चीतून उठत नाही.

त्यात जावयांचं कडवं असं होतं:

बाप तुझा हुशार मोठा, कुलपांवरती कुलपं लावी,
झबल्याची नाडी मात्र सासूनेच बांधून द्यावी.

हे खरंच होतं. कॉम्प्युटरची राखण करणाऱ्या माणसाला झबल्याची नाडी बांधता येत नव्हती.

आणि एक कडवं विहीणबाईंचं होतं. जावई एकुलते एक. वडील लहानपणीच गेलेले, आणि आई बाळाच्या जन्माच्या आदल्या वर्षी गेल्या. म्हणजे त्या बाजूनं पाळण्याच्या दोरीला हात लावायला कुणीच नव्हतं. निदान गाण्यात तरी विहीणबाई हव्याच होत्या. पण मी खोटं काय लिहिणार? माझ्या डोक्यात विहीणबाई म्हणजे पुऱ्या. लग्नानंतर सत्यनारायणाला आम्ही मंडळी नाशिकला त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. विहीणबाई स्वतः टोपली घेऊन पंगतीत फिरल्या आणि प्रत्येकाला मोजून दोन पुऱ्या वाढल्या. मोजताना त्यांचे ओठ हलत होते, मी बघितलं. माझ्या भावानं तिसरी मागितली तर हसल्या आणि त्याच्या पानात भात वाढला. माझ्या भावानं तो विषय अजून सोडलेला नाही. खरं सांगायचं तर मीही सोडला नव्हता. म्हणून लिहिलं:

विहीणबाई कडक भारी, पुऱ्या वाढी मोजून,
नात बघून टोपली सारी दिली असती ओतून.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर फाइल नाही. डाउनलोडचा कप्पा धुऊन पुसून ठेवल्यासारखा कोरा. मी सगळीकडे शोधलं. मग खुर्चीत मागं टेकले आणि विचार केला. लॅपटॉप जावयांचा, घर जावयांचं. माझी फाइल आपोआप तर कुठं जायची नाही. म्हणजे त्यांनी पाळणा वाचला, आपल्या गेलेल्या आईची पुऱ्यांवरून केलेली चेष्टा बघितली, त्यांना लागलं आणि त्यांनी तो काढून टाकला. तोंडानं बोलतील कसे? मी सासू ना. त्यांचं काही चुकलंय असंही मला वाटेना. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी चहा देताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, आणि तेही माझ्याकडे बघेनात. आता कळतं, त्यांच्या डोळ्यांपुढे अजून ब्लँचर्ड्सटाऊन होतं.

मी पाळणा पुन्हा लिहिला. पुऱ्या काढून टाकल्या. विहीणबाईच काढल्या, कारण पुऱ्यांशिवाय त्या मला सुचेनात. सेव्ह केला, खिडकी मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कप्पा कोरा.

मग उरली झबल्याची नाडी. अच्छा, म्हणजे हे टोचलं तर! बरं बाबा. नाडी काढली आणि लिहिलं की बाप तुझा हुशार मोठा, साऱ्या जगाची राखण करी. तेही गेलं. एवढ्यानं भागत नाही म्हणजे माणूस आतून मोठाच मानी दिसतो, मी मनाशी म्हटलं. त्याला राजा केलं. राजाही गेला. माझा संताप व्हायला लागला होता, पण जसजसा संताप वाढला तसतसं कडवं गोड होत गेलं. शेवटी हे लिहिलं:

बाप तुझा सूर्य जसा, ओंगारावर ऊन पडे,
त्याच्या एका हसण्यानं आयर्लंडचा पाऊस अडे.

हे लिहिताना मी दात ओठ खात होते. यापुढं त्यांना देवळात नेऊन बसवायचं तेवढं राहिलं होतं.

त्या दुपारी बाळ अचानक रडलं म्हणून मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून वर पळाले. खाली येऊन बघते तर सूर्य जागच्या जागी तळपतोय. मला सगळा उलगडा झाला. मी मिटून गेले की जावई तपासणी करतात. उघडं असलं की हात लावायला संकोचतात, दुसऱ्याच्या पानातलं घेतल्यासारखं वाटत असेल. मग काय, मिटायचंच नाही!

पण उघडा लॅपटॉप ठेवणार कुठं? या घरांत जिन्यावर एक कपाट असतं, आत गरम पाण्याची टाकी. त्याला सगळे हॉट प्रेस म्हणतात. कपडे तिथं वाळतात, इथं उन्हाचं काम ती टाकी करते. बाळाची दुपटी मी तिथंच ठेवत असे आणि माझ्याशिवाय तिथं कुणी हात घालत नसे. लॅपटॉप झाकण अर्धं उघडं ठेवून मी दुपट्यांच्या मागं बसवला आणि चार्जरची वायर दाराच्या फटीतून बाहेरच्या प्लगला जोडली. लॅपटॉपला तिथं उकडायचं. त्याचा पंखा दिवसरात्र घुमत राहायचा. "आई, हॉट प्रेसमधून आवाज येतोय का गं? बॉयलर बिघडला की काय," लेक म्हणाली. "नवीन घरांत येतो असा," मी म्हटलं. तिला झोपेची एवढी गरज होती की तिनं ऐकून घेतलं.

इकडे जावयांना त्यांच्या खोलीत बसून घरातली सगळी यंत्रं दिसत. त्यात एक यंत्र दिवसचे दिवस बंदच होत नाही, हे त्यांना दिसलं. माझ्या हातात तर लॅपटॉप नाही. मग तो चालवतंय कोण? ते घोर चिंतेत पडले आणि घरभर शोधत हिंडू लागले. मला विचारणं त्यांच्या अदबीत बसत नव्हतं.

बारशाच्या दिवशी सकाळी मी घुगऱ्या शिजत टाकल्या होत्या. एवढं उरकलं की पाळणा छापायचा, असं ठरवून पदर खोचला होता. इतक्यात जावई स्वयंपाकघरात आले. हातात बाळाच्या दुपट्यात धरलेला लॅपटॉप, चटका बसू नये म्हणून.

"आई, हा हॉट प्रेसमध्ये आपण ठेवला होता का?"

"हो," मी म्हटलं. "म्हणजे, जरा ऊब."

"बरं, बरं. आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. एकदा बंद करून चालू करू का?"

आता बघा. या एका क्षणी मी नुसतं नको म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसलेली. "करा की. आपलाच आहे," मी म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. हिरवी चौकट विझली. लॅपटॉप पुन्हा लागला आणि त्यांनी खिडकी उघडून माझ्याकडे वळवली. कप्पा कोरा. माझ्या देखत, माझ्या तोंडावर! दुपारी बायका येणार होत्या आणि माझ्या हातात घुगऱ्यांचा झारा सोडून काही नव्हतं.

मला काय झालं मला कळलं नाही. "अरे काय माणूस हाईस का काय तू!" मी ओरडले. शिट्टी झालेला कुकरही गप्प झाला. "एवढं काय वाईट लिवलं होतं रे मी? तुझ्या आईच्या पुऱ्या काढल्या, तुझी नाडी सोडली, राजा केलं, सूर्य केलं! आणखी किती चढवू तुला? पटत नव्हतं तर तोंडानं सांगायचं की, आई, नको म्हणून! रोज मागनं येऊन काय पुसतोस?"

जावई दुपट्यासकट उभे. वरून लेकीचा आवाज आला, "काय झालं?" "काही नाही, ग्रँड!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

"आई," ते हळूच म्हणाले, "कसली नाडी?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. या माणसाला खरंच काही माहीत नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाळणा, डाउनलोडचं बटण, कोरा कप्पा. ऐकता ऐकता त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि डोक्याला हात लावला.

"मी काही पुसलं नाही हो. म्हणजे, मीच पुसलं. पण बघून नाही पुसलं." मग ते समजावायला लागले. त्या दिवशीचं ते झाल्यावर त्यांनी इंटरनेटची ती खिडकी एका बंद खोलीत कोंडली होती. हिरवी चौकट म्हणजे त्या खोलीच्या भिंती. त्या खिडकीला वाटतं, हाच सगळा लॅपटॉप. ती जे उतरवून घेते, जे तात्पुरतं लिहून ठेवते, ते सगळं त्या खोलीतच पडतं, खऱ्या कप्प्यात येतच नाही. आणि खिडकी मिटली की खोली आपोआप धुतली जाते. चांगलं, वाईट, काही न बघता. "डाउनलोडचा कप्पासुद्धा आतला वेगळा. दिसायला अगदी खऱ्यासारखा." त्यांनी बोटानं वर बाळाच्या खोलीकडे दाखवलं. "तुम्ही बाळाच्या खोलीला जो नियम लावलाय ना, तोच मी ब्राउझरला लावला. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही."

"पण मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? त्या बायका आल्या होत्या ना पडद्यावर..."

"त्या नावं शोधताना आल्या रे!"

"ते मला कळलंच होतं, आई. पण सांगायला सुरुवात कुठून करायची?"

त्यानं बराच वेळ खटपट केली, गेलेलं काही परत मिळतं का बघायला. मी घुगऱ्यांना मीठ लावलं आणि त्याच्या मागं उभी राहिले. शेवटी त्यानं मान हलवली. चेहरा पडलेला होता, पण पडलेल्या चेहऱ्याच्या एका कोपऱ्यात थोडा अभिमान होता, तो काही माझ्यापासून लपला नाही.

"काम चोख झालंय, असंच ना?" मी विचारलं.

"हो," तो कसंनुसं म्हणाला. "अगदी चोख झालंय." आणि मग, "सूर्य म्हणजे नक्की काय लिहिलं होतं?"

मी म्हणून दाखवलं. आयर्लंडचा पाऊस अडे, इथपर्यंत आले आणि तो हसायला लागला. लग्न झाल्यापासून मी त्याचे दात पहिल्यांदा बघितले. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. "नाही अडला हो, आई," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. एव्हाना मी त्याला सरळ तू म्हणायला लागले होते आणि दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

बारसं मात्र थांबणार नव्हतं. बायका जमल्या. ओंगारच्या मराठी घरांत मिळून एकच लाकडी पाळणा आहे, तो घराघरांतून फिरत असतो, तो आमच्याकडे आला. बाळाला आत्या नाही, म्हणून कानात कुर्र करायला शेजारची आयरिश बाई बसली. त्यावेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे तिला सांगायचं राहून गेलं. पहिला धपाटा बसला तशी ती दचकली, मग सगळ्यांबरोबर हसत सुटली आणि नाव मात्र तिनं स्पष्ट सांगितलं. ते ण वरून नाही.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हातात कागद नाही. मी दोरी धरली आणि डोळे मिटले. सूर्य आठवेना. राजा आठवेना. दात ओठ खाऊन लिहिलेलं एकही कडवं डोक्यात राहिलं नव्हतं. आला तो पहिल्या दुपारी लिहिलेला पाळणा, जसाच्या तसा, एकामागून एक. झबल्याची नाडी आली आणि बायका लोटपोट झाल्या. आणि मी थांबायच्या आत विहीणबाईही आल्या, टोपली घेऊन, पुऱ्या मोजत. डोळे उघडून बघितलं तर जावई दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि मिटल्या ओठांनी खाली बघत होता. मी कडवं पुरं केलं. अर्ध्यात सोडणं तर आणखी वाईट दिसलं असतं.

सगळ्या गेल्यावर मी पातेली घासायला उभी राहिले. तो आला आणि माझ्या शेजारी फडकं घेऊन पुसायला लागला.

"आई, त्या पूजेच्या दिवशी गॅस संपला होता."

"कुठल्या?"

"आमच्याकडच्या सत्यनारायणाच्या. पुऱ्या निम्म्या तळून झाल्या आणि सिलिंडर संपला. शेजारी कुणाकडे जास्तीचा नव्हता. आई म्हणाली, व्याह्यांना कळता कामा नये. जेवढ्या झाल्या होत्या तेवढ्या तुमच्या माणसांना पुरतील असं तिनं मोजलं. प्रत्येकाला दोन. आम्ही घरच्यांनी पुरी खाल्लीच नाही. मागच्या खोलीत भात खाल्ला, दार लोटून."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मला विहीणबाईंचे हलणारे ओठ दिसले. माझ्या भावाच्या पानात भात वाढताना हसलेला चेहरा दिसला. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस रे?"

"तुम्ही विचारलं नाही," तो म्हणाला. "आणि सांगायचं नाही, असं आईनं बजावलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लॅपटॉप आणून माझ्यापुढं ठेवला. चौकटीच्या बाहेर, पुसला न जाणारा एक कप्पा त्यानं करून दिला होता. "यात ठेवा," तो म्हणाला आणि उठून गेला नाही, शेजारी खुर्ची ओढून बसला. मी सगळा पाळणा सांगितला आणि त्यानं टाइप केला. विहीणबाईंच्या कडव्याशी आलो तेव्हा मी त्याला थांबवलं. पहिली ओळ तशीच ठेव म्हटलं, दुसरी बदल.

विहीणबाई कडक भारी, पुऱ्या वाढी मोजून,
भात खाती घरची सारी, दार पुढं लोटून.

त्यानं ते लिहिलं, सेव्ह केलं, बंद केलं आणि पुन्हा उघडून बघितलं. होतं. तरी त्यानं आणखी एकदा बंद करून उघडलं.